बॉनेटवरची थाप

३ फेब्रुवारी, सोमवार

शेड रिकामी!

कुलूप जागेवर, कडी जागेवर, आत गाडी नाही. कोब्यावर तेलाचा काळा डाग आणि त्यात चिकटून मेलेली एक पाल. एवढंच शिल्लक.

डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी नांदेडला यज्ञेशकडे गेले होते. आज एसटीनं चाकूरला परत आले. काळा चष्मा, हातात थेंबांच्या बाटल्या. आल्या आल्या हे दर्शन!

चिरंजीवांना फोन. "अगं आई, सांगणारच होतो. तुझं बीपी वाढलं असतं." गाडी वीरेशला दिली म्हणे. गॅरेजवाल्या वीरेशला. शर्यतीसाठी! "नुसती सडत होती ना, आई."

मी डोळ्यावर पट्टी बांधून पडलेली असताना एकुलत्या एक मुलानं माझ्या पर्समधून शेडची किल्ली काढली. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये याला चोरी म्हणत. घरच्या माणसानं केली म्हणून त्याला दुसरा शब्द नव्हता.

डॉक्टरांनी लिहू नका म्हटलंय. लिहिणार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

झोप नाही.

गाडी माझी आहे. माझी! शहाण्णव साली बढती मिळाली, पाटबंधारे कार्यालयात मी अधीक्षक झाले, तेव्हा घेतलेली पांढरी मारुती. नाव माझं, हप्ते माझ्या पगारातून. चालवली आमच्या यजमानांनी, रेणुकादासांनी. पहिल्या दिवसापासून ती "रावसाहेबांची गाडी" झाली. शेजारी तसंच म्हणत, पंक्चरवाला तसंच म्हणे. कार्यालयातला शिपाईसुद्धा मला म्हणायचा, "मॅडम, साहेबांची गाडी आली न्यायला."

मी डावीकडे बसायचे. बावीस वर्षं. पर्स मांडीवर, नारळ पायाशी.

एकदा म्हटलं, मला शिकवा. "तुला नाही जमणार, सौदा. उंची नाही तुझी." पाय पोचत नाहीत तर सीट पुढे घ्या म्हटलं. "मग मला मागे घ्यावी लागेल दर वेळी." संपला विषय. अख्खं कार्यालय माझ्या आवाजानं उभं राहायचं आणि घरी एक सीट चार बोटं सरकली नाही!

ते गेल्यावर गाडी शेडमध्ये गेली. का ठेवली असं लोक विचारतात. माझी आहे म्हणून ठेवली.

५ फेब्रुवारी, बुधवार

गॅरेजला जाऊन आले. बघवत नाही.

काचा काढल्या. दिवे काढले. मागची सीट काढली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. दारं वेल्डिंगनं कायमची बंद. चालवणाऱ्यानं खिडकीतून आत शिरायचं, मांजरासारखं!

वीरेश हात पुसत आला. "मॅडम, मराठवाड्यात असलं कुणी केलेलं न्हाई!" गुरुबसप्पांच्या पडीक रानात, अहमदपूर रस्त्याला, जिथं दरवर्षी बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरतो, तिथं यांनी जेसीबीनं लंबगोल धावपट्टी काढली आहे. अंड्याच्या आकाराची. बाजूनं मातीचा बांध, त्याला जुने टायर. सहा जुन्या गाड्या, दहा फेरे. एकमेकींना ठोकत जायचं म्हणे, त्यातच मजा.

"बैलं परवडत न्हाईत मॅडम आता. पोरांनी काय करावं?"

"अभ्यास," म्हटलं.

गाडी परत मागितली. तर म्हणतो, "यज्ञेशदादांनी शब्द दिलाय." माझ्या गाडीवर त्याचा शब्द!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तहसीलला अर्ज दिला. धूळ, आवाज, जीविताला धोका, सार्वजनिक उपद्रव. शर्यत तात्काळ थांबवावी. खाली सही, ठळक.

कारकून वाचता वाचता हसला. "मॅडम, तुमची पण गाडी हाय ना यात?"

"म्हणूनच."

पोच घेतली. आयुष्यभर लोकांचे अर्ज दाबले जाताना पाहिलेत, पोच घेतल्याशिवाय हलत नाही मी.

९ फेब्रुवारी, रविवार

माझी समजूत काढायला वीरेशनं ग्यानोबांना पाठवलं आज. हे शंकरपटातले जुने झेंडीवाले. मिशा पांढऱ्या, कानात भिकबाळी, खुर्ची दिली तरी पायरीवर बसले.

चहा दिला. गोड बोलले नाही. म्हटलं, बैलांची शर्यत काय कमी होती छळायला?

"बाई, बैल असो का मोटार, रीत एकच हाय आपली." मग रीत सांगितली. पटात जोडी सुटायच्या आधी तिच्या धन्यानं पाठीवर थाप मारायची आणि 'सोडा' म्हणायचं. थाप न्हाई तर झेंडी न्हाई. धनी आजारी असला तर खाटेवर घालून आणलाय लोकांनी. आता गाड्यांनाही तेच लावलंय. धन्यानं बॉनेटवर थाप मारायची.

"आणि धनी नाही म्हणाला तर?"

"तर जोडी माघारी. त्यात बदल न्हाई."

फेरे कुठल्या बाजूनं यावरूनही भांडणं झाली म्हणे. वीरेशनं मोबाइलवर अमेरिकेतल्या शर्यती दाखवल्या, ते उलटे फिरतात. ग्यानोबा म्हणाले, देवाला कुणी उलटी प्रदक्षिणा घालतं का? शेवटी प्रदक्षिणाच ठरली, कारण आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तो आतल्या बाजूला राहतो. बांधावर आपटली तर डावी बाजू आपटते. डावीकडे कोण बसतंय!

मनात म्हटलं, मी बसत होते.

पण हे बरं कळलं. थाप न्हाई तर झेंडी न्हाई. तहसील झोपलं तरी चालेल. भर मैदानात, सगळ्यांच्या समोर 'नाही' म्हणणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तहसीलकडून काही नाही. अपेक्षा होती कुणाला!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी एक मुलगी आली. बुद्धप्रिया. अहमदपूरला वडिलांबरोबर ड्रायव्हिंग स्कूल चालवते. माझी गाडी तीच पळवणार आहे.

उंची माझ्याइतकी. फार तर बोटभर जास्त.

"मॅडम, एक विचारायचं होतं. सीट कापली मी. आधी सांगायला पायजे होतं."

"कापली म्हणजे?"

"सरकतच नव्हती. काकांच्या मापाला गंजून बसली होती. तेल घातलं, हातोडा घातला. शेवटी खालची पट्टी कापली आणि पुढं घेऊन वेल्डिंग मारलं. माझे पाय पोचत नव्हते ना."

मी म्हटलं, विचारायला आलीस ते कापल्यावर? तू तर यज्ञेशची बहीण शोभतेस!

"कापायच्या आधी यज्ञेशदादांना विचारलं होतं. ते म्हणले, बाबांची सीट आहे, हात लावू नको. म्हणून मग न विचारता कापली."

उद्धट आहे. चहाही न पिता गेली. कपबशी धुण्याचे श्रम वाचले.

रात्री उगाच ते आठवत राहिलं. एवढंच होतं तर. एक पट्टी.

१७ फेब्रुवारी, सोमवार

यज्ञेशचा फोन. रविवारी शर्यतीला सुनेला, मंजुश्रीला घेऊन येतोय. "बाबांना किती आवडलं असतं गं!" म्हणाला. त्याच्या बाबांना गाडीवर चिमणी बसलेली आवडायची नाही.

थापेचं मी काढलं नाही. त्यानंही नाही. त्याला वाटतंय थाप तो मारणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

इरकल इस्त्री केली. उद्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

हात दुखतोय. तरी सगळं लिहून ठेवते.

सकाळीच गेले. रान माणसांनी भरलेलं. भजी, उसाचा रस, पिपाण्या. धूळ बसावी म्हणून टँकरनं इतकं पाणी मारलेलं की धावपट्टीचा चिखल. शहाणपणाचा दुष्काळ, पाण्याचा नाही!

पहिली गुरुबसप्पांची अँबॅसिडर. म्हातारबुवांनी थाप मारली, "सोडा!" टाळ्या. दुसरी, तिसरी. मग वीरेश माइकवर, घसा फोडून:

"आता येत आहे स्वर्गीय रेणुकादासराव यांची लाडकी गाडी! त्यांचे चिरंजीव यज्ञेशराव खास नांदेडहून..."

गाडी पुढे आली. दारावर लाल रंगात, ठसठशीत: बाबांच्या आठवणीत. खाली रेणुकादासांचं पूर्ण नाव. आणि यज्ञेश फेटा बांधून, हात उचलून, फोटोवाल्याकडे बघत उभा.

मी दोरीखालून गेले. इरकल चिखलात.

"हात खाली घे."

"आई, तू? आई, लोक बघतायत."

"बघू देत. तिकीट काढलंय त्यांनी."

ग्यानोबा झेंडी काखेत मारून आले. मी सांगितलं, गाडी माझी. नावानं माझी, पैशानं माझी. थाप मी मारायची. ग्यानोबांनी यज्ञेशकडे पाहिलं. "खरं हाय का?" तो फेट्याशी चाळा करत म्हणाला, "कागदावर तिची आहे. पण तशी बाबांचीच."

तशी!

ग्यानोबा म्हणाले, "तशी-बिशी चालत न्हाई पटात. बाई, बोला."

पंधरा दिवस घोटून ठेवलेलं 'नाही' ओठावर होतं. खिडकीतून हेल्मेट बाहेर आलं.

"मॅडम, न्हाई म्हणायचं असलं तर लवकर म्हणा. इंजिन तापायलंय."

मी त्या पोरीकडे पाहिलं. माझ्या गाडीत, उजवीकडे, पाय टेकवून आरामात बसलेली. मग दाराकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं तर हे नाव घेऊन गाडी परत त्याच शेडमध्ये गेली असती.

म्हटलं, "आधी ते नाव पुसा."

"आई! बाबांचं नाव आहे!"

"वाचता येतं मला. एक डोळा नवा आहे."

रंग वाळलेला, पुसणार कसा? वीरेश रॉकेल, रॉकेल ओरडत सुटला. बुद्धप्रिया खिडकीतून बाहेर सरपटली, दोन्ही हातांनी चिखल उचलला आणि दारावर थापला. अजून एक ओंजळ. 'आठवणीत' तेवढं उरलं होतं, ते मी थापलं. माझ्या हातांनी.

कुणीतरी मागून ओरडलं, "म्हातारी लई खट हाय!" हो, आहे.

वीरेशनं माइक झाकून विचारलं, "आता काय नाव पुकारू, मॅडम?"

"सौदामिनी. पुढे काही नको."

"सौदामिनीबाईंची गाडी!" रानभर घुमलं. शहाण्णव सालापासून पहिल्यांदा.

थाप मारली. बॉनेट तापलेलं, तळहात भाजला. "सोडा!"

झेंडी पडली.

पुढचं काय लिहू! भयंकर प्रकार आहे. असला मूर्खपणा माणसानं बघू नये. पहिल्याच वळणावर अँबॅसिडर माझ्या गाडीला घासून गेली. तिसऱ्या फेऱ्यात एक फियाट फिरकीसारखी फिरली. माझी आत, आत, एकदम आतून! दुसऱ्या नंबरावर आली! मी प्लास्टिकच्या खुर्चीवर कधी चढले ते कळलं नाही. ओरडत होते. काय ओरडत होते ते इथे लिहिणार नाही. सिस्टरनी तोंड साबणानं धुवायला लावलं असतं.

सातव्या फेऱ्यात अँबॅसिडरनं ढकललं. गाडी बांधावर. डाव्या अंगानं. तो आवाज!

सगळे धावले. मीही. पोर आत हसत होती. "मागं व्हा की, गाडी काढू द्या!" काढली, घासत, कण्हत पूर्ण दहा फेरे केले.

सहांत चौथी. गुरुबसप्पांना मी जाऊन सांगितलं, तुमचा ड्रायव्हर रानटी आहे. "मग, बैलच की हो त्यो!" म्हणाले, आणि पेढा दिला. घेतला. खाल्ला नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

यज्ञेश न जेवता गेला. "चारचौघांत बाबांचं हसं केलंस." मी म्हटलं, मी केलं, चारचौघांनी नाही. मंजुश्री जाताना माझा हात दाबून गेली. का कुणास ठाऊक.

गॅरेजला जाऊन गाडी नीट पाहिली. उजवीकडे ओरखडासुद्धा नाही. डावीकडचं दार पार आत गेलंय. डावी सीट पिंजऱ्याच्या पाइपाला टेकली आहे, मध्ये पर्सही मावणार नाही. बावीस वर्षं मी बसत होते ती.

बरं झालं.

वीरेश म्हणतो, ठोकून काढतो मॅडम, पाडव्याला परत शर्यत ठेवलीय. मी म्हटलं, ठोकू नकोस. असू दे तशीच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बुद्धप्रिया गाडी घेऊन आली. अंगणात इंजिन चालू ठेवून उतरली, खिडकीतूनच. शेजारचे गच्चीवर जमले. बघा म्हटलं, फुकट आहे.

"मॅडम, वीरेश म्हणला उजवं दार कापून बिजागरी बसवून देतो. तुम्हाला खिडकीतून जमायचं न्हाई."

"मला काय जमतं ते वीरेशनं ठरवायचं नाही."

मग ती शेडमधलं स्टूल घेऊन आली. लाज सोडली, पदर खोचला, आधी पाय, मग बाकीचं. पाठीत कळ आली. गच्चीवरून कुणीतरी हसलं. नावं माहीत आहेत मला.

बसले.

पाय पोचले. तिन्हीवर.

"हां. आता डावा पूर्ण दाबा," ती खिडकीत वाकून म्हणाली. "आणि शिव्या द्यायच्या नाहीत मला."

असं वचन मी कुणालाच देत नाही.

४ मार्च, मंगळवार

तहसीलला जाऊन शर्यतीविरुद्धचा अर्ज मागे घेतला. कारकून म्हणाला, कारण लिहावं लागतं. लिहिलं: पाडव्याच्या शर्यतीत अर्जदार स्वतः चालक आहे.

पोच घेतली.