शांत दिसणारा तारा

प्रिय आई,

तुला आणि पप्पांना जर्मनीहून जयभीम.

मी बरी आहे. वेळेवर जेवते, तू दिलेला काळा मसाला अजून पुरतोय. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तुला माझा आवाज लगेच कळतो, म्हणून लिहितेय.

संघर्षदादाच्या लग्नाला येणं जमत नाही गं. त्याचं म्हणणं खरंय, ताऱ्यांचा डेटा उपग्रहाकडून येतो आणि लॅपटॉप मनमाडलाही चालतो. पण नवा व्हिसा अजून हातात नाही. आत्ता निघाले तर परत येऊ देणार नाहीत, आणि पीएचडी अर्ध्यावर राहील. दादाला व्हिसाचं सांगू नकोस, ऐन लग्नात काळजी करत बसेल; तिकीट मिळालं नाही म्हण.

पप्पा विचारत होते ना, मी नेमकं काय बघते? एक तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू त्याच्याभोवती साठत राहतो आणि एक दिवस भडका उडतो. उजेड कधी, किती वाढला, ते मी मोजते. त्याआधी कितीतरी दिवस तारा अगदी शांत दिसतो. साठणं तेव्हाच चालू असतं.

पप्पांच्या पायाची सूज उतरली का?

आणि आई, मी हल्ली किती शांत झालेय, हे आल्यागेल्याला कौतुकानं सांगत जाऊ नकोस.

तुझीच,
साक्षी