झोपलेला दंगेखोर

३ मार्च, सोमवार

दंगलीचं विधेयक माझ्याच टेबलावर आलं! शिक्षा दोन वर्षांवरून थेट दहा. वर एक कोरं करकरीत कलम — पाच माणसं जमली, आरडाओरडा झाला, काही फुटलं, की तिथे हजर असलेला प्रत्येक जण दंगेखोर. साहेब म्हणाले, "कडक लिहा." लिहिलं. मसुदा लिहिण्यात माझा हात कोण धरणार!

आता 'घरचा खटला'. आमच्या कक्षाची ही जुनी खोड — नवं कलम आधी स्वतःच्या घरच्यांवर लावून बघायचं. ज्याच्या घरात आरोपी जास्त, त्याने चहा पाजायचा.

४ मार्च

चहा माझ्याकडून! रविवारी टीव्हीवरून भांडण झालं तेव्हा आम्ही बरोब्बर पाच. आरडाओरडा तर विचारूच नका. सासूबाईंनी रिमोट भिरकावला, कपाटाची काच गेली. सगळे आत! मामंजी बिचारे खुर्चीत घोरत होते. पण हजर ना? दहा वर्षं!

जेवताना सगळ्यांना शिक्षा सुनावली. सासूबाई म्हणाल्या, "मला चालेल. तिथे नळाला पाणी तरी येत असेल." मामंजींना एकच काळजी — "खुर्ची नेता येते का गं?" हसून हसून पोट दुखलं.

६ मार्च

साहेबांना खटला सांगितला. तेही खूप हसले. मग मी हळूच म्हटलं, ज्याने खरंच दंगा केला त्यालाच धरू या, झोपलेला तरी सुटेल.

"तुमचे सासरे दंगल करणार आहेत का?"

"नाही, सर."

"मग बिघडलं कुठे?"

बिघडलं होतं. चांगलं कळत होतं मला. पण बढती त्यांच्या हातात — तोंडाला कुलूप लावलं.

७ मार्च

कलम तसंच वर गेलं. बरं वाटत नाहीये.

२७ मार्च

मंजूर! सभागृहात बाकं वाजली म्हणे. साहेबांनी पाठ थोपटली. कायदा उद्यापासून लागू.

घरी मात्र कुणाला कौतुक नाही. आठवडाभर पाण्याचा पत्ता नाही, त्यामुळे सासूबाई येत्या बुधवारी गल्लीतल्या बायका घेऊन पाणीपुरवठ्याच्या कचेरीवर निघाल्यात. म्हटलं, "आई, नका ना जाऊ. कायदा बदललाय."

"बदलू दे. नळ बदलला का?"

शेवटी मामंजी म्हणाले, "तू काळजी करू नकोस. मी जातो हिच्याबरोबर. मी आपला घडीची खुर्ची टाकून कडेला बसेन."

चला, एक तरी शहाणं माणूस सोबत.

२ एप्रिल

कचेरीची काच कुणीतरी फोडली. सासूबाई पळाल्या, सापडल्या नाहीत. मामंजी सापडले. खुर्चीत घोरत होते.

चौकीत फौजदारांनी मला कलम वाचून दाखवलं. पाठच होतं.