भिवाची पाळी

लालबाग, १२ एप्रिल १९५९

प्रिय राजाराम,

भिवा गाव सोडून माझ्याकडे राहायला आला आहे. धाकटा भाऊ जवळ आला याचा आनंद व्हायला हवा. पण खोलीत तो भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसतो, दुसऱ्याच्या बांधावर बसल्यासारखा. कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी दिवसापुरतं घेतील म्हणून रोज पहाटे गिरणीच्या दाराशी बदलीसाठी उभा राहतो.

लहान शेतकरी ऊस सोडून पळतात, त्यांना धीर नाही, असं तू लिहितोस. दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकलेला मी, पण लिहिलेलं नीट वाचतो. वर्षभर पाणी पाजून थांबणाऱ्याला धीर नाही? साखर कारखान्याची टोळी एकेकाच्या पाळीने ऊस तोडायला येते. पाळी चुकली की उसाला तुरा येतो, कांडं आतून पोकळ होतं. तुझी चार शेतं. एक वाळलं तर तीन उरतात. भिवाचं एकच होतं.

शिवाजी पार्कच्या सभेत तू माझा खांदा धरून म्हणाला होतास, आपलं मराठी राज्य येऊ दे, कारखाना आपल्यासारख्यांचाच असेल. बालमित्राचा शब्द खरा मानून मी भिवाला ज्वारी मोडून ऊस लावायला सांगितलं.

पौषात त्याची पाळी आली, तेव्हा तू त्याच्या दारी गेलास. म्हणालास, माघात माझ्या लेकीचं, नलूचं लग्न आहे, तुझी पाळी मला दे, माझी पुढची तू घे. पहिल्या तोडीसाठी आणलेला नारळ भिवाने तुझ्या बांधावर नेऊन फोडला. लग्नात मीही दोन वेळा जिलबी मागून घेतली.

बदल्यात दिलेल्या तुझ्या पाळीला टोळी आलीच नाही, कारखान्याचं यंत्र बिघडलं, असं तू त्याला सांगितलंस. परवा भायखळ्याच्या बाजारात टोळीचा मुकादम बाबुराव भेटला. यंत्र बिघडलं नव्हतं. टोळी आली होती, आणि भिवाच्या शेतावरून तू ती तुझ्या ओढ्याकाठच्या उसात नेलीस. भिवाचा ऊस उभ्याने वाळला.

आता पत्राचं कारण. भिवाला लिहिता येत नाही. त्याचा निरोप त्याच्याच शब्दांत देतो: "शेत पडीक नको. राजादादाला म्हणावं, तूच कर. त्याच्याशिवाय तिकडं माझं कोण आहे?" बाबुरावचं बोलणं मी त्याला सांगितलेलं नाही. शेत हवं असेल तर पत्राने हो म्हणू नकोस. इथे ये, त्याच्यासमोर बस, टोळी कुठे गेली ते तुझ्या तोंडाने सांग, आणि मग माग.

दुसरं काही लिहायची हाताला सवय नाही, म्हणून,

तुझाच
शामराव