कुलूपबंद घरांचा सर्व्हे

४ जानेवारी
लोक गाव सोडून शहरात किती येतात, ते मोजायचा नवा प्रोजेक्ट. हेड कोण, हे मार्चमध्ये ठरणार. म्हणजे मीच. बारा वर्षांचा अनुभव काय चुलीत घालायचा? मीटिंगमध्ये ज्युनिअरने एक प्रश्न विचारला. कालची पोर. बॉस तिला "छान" म्हणाले. मला हेवा वगैरे वाटत नाही.

५ जानेवारी
"छान" दोनदा म्हणाले होते. आज आठवलं.

१९ जानेवारी, स. ७
माझी प्रश्नावली तयार. प्रश्न ११२. घरोघर जायचं आणि विचारायचं, घरातलं कोणी सहा महिन्यांहून जास्त बाहेर आहे का. ज्युनिअरची पद्धत: लोकांसोबत चहा पिणे आणि फोन नंबर घेणे. याला रिसर्च म्हणायचं? हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, जळका वास येतोय. गॅस बघितला, बंद होता. मग म्हणाली, आपला वॉचमनही गावाकडचाच आहे, त्याला विचारा की. घरच्यांना मेथडॉलॉजी कळत नाही.

२ फेब्रुवारी
गावात पोचलो. साठ घरं. चव्वेचाळीस घरांना कुलूप. कुलूप उत्तर देत नाही. नियमाप्रमाणे ती घरं वगळली. काम झटपट होतंय.

३ फेब्रुवारी
उरलेल्या सोळा घरांत सगळे हजर. निष्कर्ष: या गावातून स्थलांतर शून्य. खळबळ माजणार. पारावरचे आजोबा म्हणाले, कुलूपवाले कुठे गेले ते तरी विचारा. प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता.

२० फेब्रुवारी
ज्युनिअरने म्हणे त्याच आजोबांकडून नंबर घेतले. कुलूपवाली एकेचाळीस कुटुंबं शहरात गाठली. तिच्या टेबलाजवळून सहज गेलो. चारदा गेलो. वही भरलेली. अक्षर मात्र गिचमिड आहे. तेवढंच बरं वाटलं.

२८ मार्च
बॉस माझा रिपोर्ट वाचून हसले. मग पाणी प्यायले. हेड ज्युनिअर झाली. ती मला अजूनही सर म्हणते, ते जास्त लागतं. मुलाखत राहिलेली तीन कुटुंबं माझ्याकडे दिली. पहिला पत्ता वाचला. आमचीच बिल्डिंग.

२९ मार्च
वॉचमनची मुलाखत. चार वर्षं रोज गेट उघडतो, गाव कधी विचारलं नव्हतं. मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. सगळं नीट सांगितलं. शेवटी त्यानेच विचारलं, साहेब, तुम्ही आमच्या गावी जाऊन आलात म्हणे, आमचं घर कसं आहे?
घर आठवेना. म्हणालो, कुलूप शाबूत आहे.
त्याला तेवढ्यानंही बरं वाटलं.