टाचणी नव्हती तोंडात

आई,
तुझा फोन इथेच चार्जिंगला राहिलाय, म्हणून चिठ्ठी. बाबांना घेऊन मोठ्या हॉस्पिटलला निघालेय, टॅक्सी खाली उभी आहे.

शिवताना बाबा तोंडात टाचण्या धरतात, म्हणून हिरड्यांतून रक्त आलं की आपण ‘टोचली असेल’ म्हणून मोकळे! पण आज दुकान बंद, तोंडात एकही टाचणी नाही, तरी बेसिन लालभडक. दंडावर काळेनिळे डागही आहेत. मी सरळ त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. (हो, मीच! बाबा म्हणे, “आली मोठी शहाणी!”) औषधांची नावं ऐकून डॉक्टर म्हणाले, खोकल्याच्या अँटिबायोटिकमुळे रक्त पातळ करायच्या गोळीचा जोर वाढला असणार, रक्त गोठत नसेल, ताबडतोब आणा. खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्या गोळीबद्दल आपण कुणी बोललोच नाही गं.

औषधांची पाकिटं मी घेतलीत. तू थेट तिकडेच ये.

बाबा दारातून ओरडतायत, “बेसिन धुऊन टाक, आई घाबरेल.”
मी धुतलेलं नाही. तू घाबर, आणि पळत ये.

तुझी टकळी