चौदा नंबरच्या लाइनवरील कॉम्प्रेशन बंद करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
डायल-अप इंटरनेट केंद्र.

विषय: चौदा नंबरच्या लाइनपुरते डेटा कॉम्प्रेशन (माहिती आवळून पाठवणे) उद्या सकाळी अकराच्या आत बंद करण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) सर्व लाइनवर कॉम्प्रेशन सक्तीचे करणारा आपला आदेश.
२) मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. आदेशापूर्वी चाचणी आपण स्वतः घेतलीत. त्यासाठी निवडलेली फाइल पुढच्या महिन्याचे कोरे हजेरीपत्रक होती. कोरा कागद आवळला जातोच. वेग चौपट दिसला आणि त्याच दुपारी आदेश निघाला.

२. चौदा नंबरवरून गावाबाहेरचा दवाखाना शहरातल्या डॉक्टरांना डोक्याचे स्कॅन पाठवतो. ते आधीच आवळलेले असतात. पुन्हा आवळताना यंत्राची दमछाक होते आणि सगळ्या लाइन भरल्या की फोन तुटतो. हे मी तोंडी सांगितले, तेव्हा आपण सर्वांसमोर म्हणालात, "स्कॅन अर्धा पोचला तर निदानही अर्धंच करा म्हणावं!" कक्षात हशा पिकला. मीही हसलो, हे नमूद करतो.

३. गेल्या मंगळवारी माझी थोरली बहीण स्कूटरवरून पडून त्याच दवाखान्यात दाखल झाली. तिचा स्कॅन चार वेळा अर्ध्यावर तुटला. पाचव्या वेळी मी परवानगीविना कॉम्प्रेशन बंद केले. नऊ मिनिटांत स्कॅन पूर्ण पोचला. रक्तस्राव कुठे आहे ते डॉक्टरांनी अचूक सांगितले. तोवर ताईला जाऊन वीस मिनिटे झाली होती.

४. त्या नऊ मिनिटांत केंद्राचा सरासरी वेग खाली आणल्याचा ठपका नोटिशीत आहे. तो मान्य आहे. सरासरी खरोखरच खाली आली होती. आपण बोलावून समजावलेत, "अरे, तुझी बहीण एक, ग्राहक चारशे. भावनेच्या भरात बटणं दाबायची नसतात." बटण आपण स्वहस्ते पुन्हा चालू केलेत.

५. स्कूटर चालवणारे भाऊजी, ताई होती त्या खाटेच्या शेजारच्या खाटेवर आहेत. आज सकाळपासून त्यांची जीभ जड झाली आहे. स्कॅन काढणारा उद्या अकराला येतो. उपकरण कक्षाची किल्ली आता आपल्याकडे असल्याने मला अर्जच करणे भाग आहे.

६. अर्ज ई-मेलने पाठवत आहे. नुसती अक्षरे असल्याने आपल्या यंत्रावरून तो चौपट वेगाने पोचेल. तेव्हा वेळेवर मिळाला नाही, असे कृपया कळवू नये.

अजूनही आपला नम्र,
तंत्रज्ञ, उपकरण कक्ष
सोमवार, दुपारी चार

सोबत (टपालाने):
१) कोरे हजेरीपत्रक.
२) ताईचे स्कॅन, अर्धे, चार.
३) ताईचा स्कॅन, पूर्ण, एक.