कीबोर्डाखालचा उजेड

३ नोव्हेंबर, सोमवार
आले बाई एकदाची आरोंद्याला! मच्छीमार सोसायटीत टायपिस्ट. सचिव महादूकाकांनी नारळ ठेवून, देवाला गाऱ्हाणं घालूनच कॉम्प्युटर माझ्या ताब्यात दिला. महिन्यात चारशे अर्ज टाइप झाले की नोकरी पक्की. नांदगावला आईला फोनवर सांगितलं, आता घर माझ्या या दहा बोटांवर. ऑफिस मात्र काळोखं, मासळीच्या वासापायी खिडक्या बंद. कीबोर्डावर कुणाकुणाच्या बोटांचा मेणचट थर. शी! स्पिरिटने तीनदा पुसला.

५ नोव्हेंबर, बुधवार
काळोखात बटणं दिसत नाहीत. नवा कीबोर्ड मार्चनंतर, असं काका म्हणाले. मग मीच स्क्रू काढले. आत भाताची शितं, केस, खवलं, चावलेली नखं. काय घाणेरडी माणसं! सगळं खरवडलं. बटणांखाली पाच व्होल्टची एलईडी पट्टी चिकटवली, जुन्या यूएसबी केबलची लाल-काळी वायर जोडली, पिन कॉम्प्युटरला. झकास उजेड!

काका भडकले. एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटींशी त्यांचं जन्माचं वैर. म्हणाले, "उजेडाक नुसते मासे येनत नाय गो. तळाक काय काय आसता, ता पण वर येता." मला हसूच आलं. टेबलावर कुठला आलाय समुद्र?

६ नोव्हेंबर, गुरुवार
स्पेसबारच्या कडेने पांढरं काहीतरी डोकावलं. ओली शेवईच जणू. चिमट्याने ओढली तर संपेचना, वीतभर निघाली, आणि वळवळली. ईऽऽ! मोरीत जाऊन ओकले. कीबोर्ड पुन्हा उघडला. आत कोरडं, स्वच्छ.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी पिन काढून ठेवली. काही आलं नाही, पण पानागणिक वीस चुका. काकांचं तोंड वाकडं. दुपारी पिन परत लावली, मेली माझीच हौस! बटणांमधून बुळबुळीत पाणी झिरपलं. सडलेल्या कोळंबीचा वास. बोटं माखली. साबण, लिंबू, राख, सगळं करून झालं. जेवण हाताने तोंडापर्यंत नेववत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
नखांखाली पांढरी रेघ. मळ समजून सुई घातली.
मळ आत सरकला.
काकांना दाखवलं. ते मागे सरले. उजेडापासून हात लांब ठेव म्हणाले. उन्हातून खोलीवर येताना नखं ठणकत होती. माझीच बोटं, आणि मला त्यांची किळस येतेय.

९ नोव्हेंबर, रविवार
दारं-खिडक्या लावून बसलेय. काळोखात नखांखालची ती निजतात.
आईचा फोन आला. स्क्रीन पेटली — दहाही नखं एकदम उचलली गेली — घ्यायचं बटण कसंबसं दाबून फोन पालथा टाकला. आई हॅलो हॅलो करत राहिली.

१० नोव्हेंबर, सोमवार
अंदाजानेच लिहितेय. काका दाराशी आहेत. डॉक्टरकडे नेतो म्हणतात. भला माणूस — पण बाहेर लख्ख ऊन — नको म्हणून ओरडले — ऐकत नाहीत — दाराला खांदा लावतायत —
कडी निघतेय. फटीतून उजेड — आई गं, नखं — अंगठ्यातून पांढरं वळवळत बाहेर — दुसऱ्या बोटातून पण — दहाही बोटांत